राखणदारापुढे गेलेला होकार

मी एक जुना धुण्याचा दगड आहे. काळा, जाड, पाठीवर गुळगुळीत आणि एका कोपऱ्याला फुटका. तो कोपरा कसा फुटला ते सांगतो, मित्रांनो, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. गेली चाळीस वर्षं बायका माझ्यावर धुणी आपटताहेत, मी कधी ब्र काढला नाही. पण त्या वर्षी जे झालं ते आठवलं, की अजून डोक्यात तिडीक जाते.

आमचा गाव मालवणपासून बैलगाडीने दोन-अडीच तासांवर. इथला दगड म्हणजे तांबडा जांभा. घर बांधायला उत्तम, पण त्याच्यावर लुगडं आपटाल तर चिंध्या घेऊन घरी जाल. म्हणून जिची ही गोष्ट, त्या सावित्रीच्या सासऱ्याने मला घाटाच्या पायथ्याहून आणलं. पाथरवटाने मला चार दिवस घडवलं आणि दोन बैलांनी कुरकुरत तळ्याच्या काठी आणून टाकलं. सासऱ्याने मला पाण्याशी तिरका बसवला, वर एक तांब्या पाणी ओतलं आणि म्हणाला, "ऱ्हव आता हय." तेव्हापासून मी इथे आहे.

तळं मोठं नाही. एका बाजूला मातीचा बांध, बांधात मोरी आणि मोरीला सागाची फळी. भातकापणी उरकली की मार्गशीर्षात ती फळी उचलायची, मग पाणी खालच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत जातं आणि लोक दुसरं पीक घेतात. त्याला वायंगण म्हणतात. सावित्री विधवा. तिचा एकच कुणगा, बांधाच्या अगदी पायाशी. पावसाळी भात तिला शिमग्यापर्यंत पुरायचा. पुढे गणपतीपर्यंत तिच्या दोन मुलांच्या ताटात काय पडणार, ते ह्या वायंगणावर. हे नीट लक्षात ठेवा, कारण गावातल्या शहाण्या माणसांच्या लक्षात ते आलंच नाही.

माझ्यापासून दहा पावलांवर सुरंगीचं झाड आहे. त्याखाली तळ्याचा राखणदार, म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड. माझाच भाऊबंद म्हणा, फक्त त्याला नारळ मिळतात आणि मला मार. कोणी काही मागायला आलं, की भिकाजी गावकर त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतो. भिकाजी एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले पुरुष एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. बायका मागे उभ्या राहतात, त्या काही म्हणत नाहीत. नारळ कोणीही आणो, परका असो की घरचा, गाऱ्हाण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कार्तिकात एक मोटार धूळ उडवत आली. तिच्यातून गुरुदासशेट उतरले. मुंबईत त्यांची लॉजं होती. बरोबर सरकारी कचेरीतला एक कारकून होता, काखेत कागदांची गुंडाळी घेतलेला. शेटांनी तळं पाहिलं आणि म्हणाले, "काय शांत जागा आहे! इथे साहेबलोकांसाठी हॉटेल बांधू. होड्या ठेवू." शांत जागा! अहो, सकाळी दहा बायका माझ्याभोवती धुणी आपटत असतात तेव्हा या की!

गावात दोन तट पडले. वाटेवर चहाची खोप चालवणारा परशुराम खूश झाला. "रस्तो येतलो, वीज येतली," तो म्हणायचा. "पोरांका मुंबयक जावचा लागाचा नाय." त्याचा थोरला मुलगा गिरणीत होता, वर्षाला एकदा यायचा. त्याचं म्हणणं मी धुडकावत नाही, बापाचं काळीज बोलत होतं. बाकीच्यांना तळ्याच्या पाण्याची धास्ती. ते म्हणत, बघू, विचार करू, बैठक घेऊ.

पण बैठक झालीच नाही. चार दिवसांनी शेटांनी गावाला सुरंगीखाली जमवलं आणि हसतहसत भिकाजीच्या हातात नारळ ठेवला. "गावकर, आमच्या कामासाठी गाऱ्हाणं घाला." कानाशी लागून काय काय म्हणायचं तेही सांगितलं. भिकाजीने मान हलवली. नारळ आला की गाऱ्हाणं, ह्यापलीकडे त्याच्या डोक्यात काही आलंच नाही.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ही गावची मंडळी तुझ्या पायाकडे जमली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गुरुदासशेटान तुझ्या काठार जा काम मनात धरल्यान हा, ता तडीक ने."

"व्हय म्हाराजा!"

"हय हॉटेल बांधूक सगळ्या गावाची राजीखुशी आसा."

"व्हय म्हाराजा!"

म्हणाले! सगळे म्हणाले! एकाने तंबाखू मळतामळता म्हटलं, दुसऱ्याने बैलाची वेसण धरून म्हटलं. काय बोलतोय ह्याचा कुणाला पत्ता नाही, जीभ आपली सवयीने हलली. कारकुनाने तिथल्या तिथे कागदावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "सर्व ग्रामस्थांनी देवासमोर एकमताने रुकार दिला." मग कुठे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मला तोंड असतं तर एकेकाला धुऊन काढला असता.

तुम्ही विचाराल, मग लगेच 'नाही' का म्हणाले नाहीत? तेच तर! राखणदारापुढे एकदा शब्द गेला की तो मागे घ्यायचा नाही, अशी गावाची पक्की समजूत. घरोघरी संताप, पण माणसं मूग गिळून बसली.

पंधरा दिवसांत काठावर खुंट्या ठोकल्या गेल्या. एक पाटी उभी राहिली : 'येथे कपडे धुण्यास व गुरे आणण्यास मनाई आहे.' शेटांना तळं काठोकाठ भरलेलं हवं होतं, म्हणून मोरीच्या फळीवर आडवी पट्टी मारून खिळे ठोकले. आणि मुकादमाचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हा घाणेरडा धोंडा आधी हलवा." चार मजुरांनी पहारी लावल्या. एक पहार सटकली आणि माझा कोपरा फुटला. मला उपटून चिखलात पालथा टाकला. ज्यांच्या बाळोत्यांपासून लग्नाच्या शालूपर्यंत सगळं माझ्यावर धुतलं गेलं, ते लोक बांधावर उभे राहून बघत होते.

मार्गशीर्ष सरत आला. पाणी सुटलं नाही. सावित्रीने घागरी वाहून रोपांची राखण केली, तरी रोपं पिवळी पडायला लागली. एका सकाळी ती भिकाजीला बांधावरच अडवून उभी राहिली. तिच्यामागे सुगंधा होती, तिच्या शेजारची.

"गावकारानू, माझो तरवो सुकता हा. फळी काढा."

"कशी काढू गो?" भिकाजी खाली बघत म्हणाला. "राखणदाराच्या पुढ्यात शबूद गेलो. आता तो परत कसो घेवचो?"

"शबूद कोणाचो गेलो? तुमचो! माका कोणी इचारल्यान? आमी बायलमाणसा मागे उभी ऱ्हवतो. माझो व्हय अजून माझ्या तोंडात आसा."

सुगंधा म्हणाली, "माझो पण."

भिकाजी वळून घराकडे निघाला. पण त्याच्या कपाळावरची आठी मी पालथ्या अंगानेही पाहिली.

पौषात शेट पायाभरणीला आले. पुन्हा मोटार, पुन्हा कारकून, पुन्हा नारळ. सगळा गाव जमला. बायका ह्या वेळी मागे राहिल्या नाहीत. येऊन सरळ सुरंगीखाली उभ्या राहिल्या आणि सावित्री तर माझ्यावर चढली, सगळ्यांना दिसावी म्हणून.

भिकाजीने हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा! आज शेटाचा काम सुरू होता हा..."

"नाय म्हाराजा!" सावित्री ओरडली.

असं गाऱ्हाण्यात कोणी कधी ऐकलं नव्हतं. पुरुषांच्या तोंडातला 'व्हय' तिथेच अडला. भिकाजीने तरी पुढे म्हटलं. "त्येका गावाची राजीखुशी..."

"नाय म्हाराजा!" आता सगळ्या बायका.

शेटांचा चेहरा लाल झाला. "बाई, हे शुभकार्य आहे. गावाचा होकार कागदावर आहे."

"कागदार आसा?" सावित्री म्हणाली. "मगे कागदारच बांधा तुमचा हॉटेल!"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळे भिकाजीकडे बघू लागले. सत्तरीचा माणूस. आयुष्यात त्याने गाऱ्हाणं अर्धं सोडलं नव्हतं. त्याने नारळ शेटांच्या हातात परत दिला, न फोडता. मग राखणदाराकडे वळला.

"बा राखणदारा म्हाराजा! मागच्या खेपेक मी जा बोललंय, ता गावाक न इचारता बोललंय. चुकला-माकला पोटात घाल. ता मी परत घेतंय."

आधी बायका म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" मग पुरुष म्हणाले. परशुराम म्हणाला नाही, मान खाली घालून उभा राहिला. पण तो आडवाही आला नाही.

भिकाजीनेच पहार घेतली आणि मोरीवरचे खिळे उचकटले. पाणी खाली धावलं. शेट मोटारीत बसून निघून गेले. जाताना कारकून म्हणाला, "फाइल अजून उघडीच आहे हं." मग पुरुष लाजतलाजत माझ्याकडे आले. सावित्री म्हणाली, "व्हय म्हणताना जोर होतो ना? आता हेका उचला." आठ जणांनी मला जागेवर बसवलं.

गोष्ट गोड झाली असं समजू नका. सावित्रीची निम्मी रोपं वाळून गेली होती. तिचा अर्धा कुणगा त्या वर्षी तसाच राहिला. आषाढात तिची मुलं दुपारी पेजेत पाणी वाढवून प्यायची. पुरुषांपैकी एकानेही तिच्या दारात पायली भात नेऊन ओतलं नाही. 'व्हय' म्हणायला सगळे होते, भरून द्यायला कोणी नाही. ह्याचा राग माझ्या पोटात आहे आणि तो तिथेच राहणार.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणीतरी गोड बोलत नारळ घेऊन येईल आणि तुमच्या भोवतीची सगळी माणसं एका सुरात होय म्हणतील. तेव्हा पुढचं वाक्य पुरतं ऐका. मागे कोण उभं आहे, ज्याला कोणी विचारलंच नाही, ते वळून बघा. आणि नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी म्हणा. सावित्रीने म्हटलं ते खरं, पण गावाने ते दोन महिने आधी म्हटलं असतं, तर तिची पोरं त्या पावसाळ्यात पोटभर जेवली असती.