चाळिसावं दार

मी एक जुनी झांज आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला मुठीत मावणारी झांज समजू नका. मी जेवणाच्या ताटाहून मोठी आहे आणि माझी जुळी बहीणही माझ्याच मापाची आहे. आम्ही दोघी ऐंशी माणसांच्या वाद्यवृंदात होतो. सध्या आमचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या कपाटावर, एका बंद पडलेल्या इस्त्रीशेजारी आहे. तक्रार नाही. इस्त्री स्वभावाने बरी आहे.

तांबं आणि कथील वितळवून आम्हाला ओतलं, आणि मग एका कारागिराने आठवडाभर हातोडीने ठोकलं. आयुष्यभर ठोकून ठोकून त्याला ऐकू कमी येत असे. म्हणून तो आम्हाला वाजवून कड हनुवटीला टेकवायचा आणि आवाज दातांनी ओळखायचा. "झाली," एवढंच तो म्हणाला. माझं पहिलं कौतुक ते.

वाद्यवृंदात आमची जागा अगदी मागच्या रांगेत. पुढे त्या व्हायोलिनी बसायच्या, संध्याकाळभर नुसती कुरकुर. त्यांचं कौतुक मला सांगू नका. आम्ही वाजायचो एकदा, फार तर दोनदा. पण आम्ही वाजलो की पेंगणारे श्रोतेही ताठ बसायचे.

आमचे वादक दिवसा आरशांच्या दुकानात काच कापत आणि संध्याकाळी आम्हाला हातात घेत. त्यांना सगळे मोजूकाका म्हणायचे. झांजवाल्याचं खरं काम गप्प राहण्याचं असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. इतरांचं वाजवणं चालू असताना त्याने उभं राहून ठेक्याची आवर्तनं मोजायची आणि नेमक्या आवर्तनाला आम्हाला एकमेकींवर आदळायचं. एका आवर्तनाने जरी चुकलं तरी भलत्याच जागी आमचा आवाज होतो आणि सगळ्या सभागृहात हसं होतं. बाकीचे वादक बोटांवर मोजतात. काका दारं मोजायचे.

त्याचं असं झालं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी युरोपात मोठमोठी साम्राज्यं होती, आणि त्यांच्या पोटात कितीतरी छोटे देश गुदमरत होते. काकांचा देश त्यातलाच. तिथे झेंडा लावायला बंदी, शाळेत आपली भाषा बोलायला बंदी. तेव्हा तिथल्या एका संगीतकाराने, नदीवर कपडे धुणाऱ्या बायका जी चाल गुणगुणायच्या ती उचलली आणि तिची सिम्फनी केली, म्हणजे सगळ्या वाद्यवृंदाने मिळून वाजवायची मोठी रचना. आता चालीला तुरुंगात कसं टाकणार? सभागृहात राज्यकर्ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे, आणि मागच्या रांगांत लोक डोळे पुसायचे. त्यांना कळायचं की हे आपलं आहे, आपण अजून आहोत.

पुढे तो देश सुटला, पण काकांच्या लहानपणी पुन्हा दुसऱ्यांच्या ताब्यात गेला. काका एकोणिसाव्या वर्षी डोंगर ओलांडून पळून आले. परत जाता येणार नव्हतं. आईला दारात उभी ठेवून आले, ते शेवटचंच.

त्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात आम्ही बासष्ट आवर्तनं गप्प असतो. धुणाऱ्या बायकांची चाल आधी एकटी बासरी धरते, मग शिंगं, मग सगळे. आणि ती ऐन भरात आली की आम्ही. एकदाच. काकांच्या गल्लीत बरोबर बासष्ट दारं होती. आम्हाला छातीशी धरून ते पुटपुटायचे: पाववाल्याचं दार, चांभाराचं दार, दोन भांडखोर बहिणींचं दार. बासष्टावं आईचं. तिथे पोचले की ते आम्हाला वाजवायचे. लोकांना वाटायचं झांज वाजली. काका घराची कडी वाजवत होते, मित्रांनो. तीस वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत.

त्यांना एक मुलगी. लहानपणी तिला शाळेत पोचवताना ते रोज आठवणीतली हीच दारं मोजत चालायचे आणि प्रत्येक दारामागच्या माणसाची गंमत सांगायचे. एकोणचाळिसावं दार घड्याळजीचं. तिथवर आलं की शाळा यायची.

"पुढचं दार कोणाचं, बाबा?"

"रविवारी सांगतो. पळ, घंटा झाली."

रविवारी वाद्यवृंदाची तालीम असायची. सोमवारी गोष्ट पुन्हा पाववाल्यापासून सुरू व्हायची. मग ती मोठी झाली, एकटी शाळेत जाऊ लागली आणि गोष्ट तिथेच राहिली.

एके वर्षी ती सिम्फनी पुन्हा ठरली. कार्यक्रमाच्या सकाळीच काकांच्या चुलतभावाचं पत्र आलं. आत एक फोटो होता. गल्ली पाडून तिथे रुंद रस्ता केला होता. आई जाऊन तर बरीच वर्षं झाली होती. पण दार होतं, तोवर काकांना चालत होतं. ते फोटो खिशात ठेवून वाजवायला आले.

त्या संध्याकाळी त्यांनी मोजणी सुरू केली. मी कान देऊन ऐकत होते. पाववाला, चांभार, बहिणी, सगळे आले. एकही दार सुटलं नाही. बासष्टाव्याला त्यांनी हात उचलले, आम्ही दोघी श्वास रोखून तयार झालो, आणि ते तसेच उभे राहिले. संगीत आमच्यावरून पुढे निघून गेलं. फार थोड्यांच्या लक्षात आलं. मला मात्र रडू फुटलं, आणि रडायला आवाज नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर वाद्यवृंदाचे संचालक, ज्यांना आम्ही छडीवाले म्हणायचो, ते मागे आले. ओरडले नाहीत. "काका, मोजणी चुकली का हो?"

"नाही साहेब. बरोबर पोचलो होतो."

"मग वाजवलं का नाही?"

"वाजवून उघडणार कोण?" काका म्हणाले.

मुलगी त्यांचा कोट घेऊन शेजारीच उभी होती. तिने तो त्यांच्या खांद्यावर घातला. "चला बाबा, घरी जाऊ," एवढंच ती बोलली.

काकांनी पुन्हा आम्हाला हात लावला नाही, आणि गल्लीचं नावही काढलं नाही. विचारलं तर त्यांना लागेल, म्हणून मुलीने विचारलं नाही. अशी सहा वर्षं गेली आणि काका गेले. मी बाल्कनीत कुंडीखाली पाणी झेलत पडले. अंगावर हिरवे डाग आले. माझी बहीण दाराआडच्या खिळ्याला लटकली.

अलीकडे मुलीने मला कुंडीखालून काढलं, बहिणीला खिळ्यावरून उतरवलं, दोघींना मऊ फडक्याने पुसलं आणि कपाटावर ठेवलं. कधीकधी दुपारी ती त्या सिम्फनीची तबकडी लावते, आम्हाला छातीशी धरते आणि मोजू लागते. घड्याळजीपर्यंत छान येते. मग तिचे ओठ थांबतात. पुढची तेवीस दारं ती नुसती कान देऊन वाट बघते, आणि दर वेळी आम्हाला वाजवायला तिला जरासा उशीर होतो. मग ती तिथेच खुर्चीवर बसून राहते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना ओलीत टाकू नका, खरखरीत घासणीने घासू नका, मऊ फडकं पुरतं. आणि तुमच्या घरात कोणी दारं मोजत असेल, तर रविवारची वाट बघू नका. मला बासष्टही दारं पाठ आहेत, पण मुलीच्या हातात मला एकच आवाज काढता येतो. म्हणून तुम्हाला सांगते. चाळिसावं दार कुलपं दुरुस्त करणाऱ्या म्हातारीचं होतं, आणि तिच्या स्वतःच्या दाराला कधी कुलूप नसायचं. कोणीतरी जाऊन काकांच्या मुलीला एवढं सांगा.