घड्याळजीच्या खुणा

रोज सकाळी चिमणीची वेणी घालण्याआधी तिची आई तिच्या डोक्यात नाक खुपसायची. आधी ही नुसती लाडाची सवय होती. लेक साडेतीन वर्षांची, तरी टाळूला अजून तान्हेपणाचा एक पुसटसा वास राहिला होता. तो कुठल्या दिवशी उडून जाईल याचा नेम नव्हता, म्हणून आई रोज हजेरी घ्यायची. पण गेल्या काही महिन्यांत त्या वासात दुसराच वास येऊन बसला होता. कच्च्या पेट्रोलचा, नाकाला झोंबणारा.

तो कुठून येतो हे शोधायला लांब जायला नको होतं. चिमणीच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या सासऱ्यांनी, घड्याळांचं दुकान बंद केल्यावर एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, बुटकी, दोन दारांची. आत बसायचं तर आधी गुडघ्यांची मनधरणी करावी लागे. गेल्या काही महिन्यांपासून रोज सकाळी अर्धा तास आजोबा आणि नात त्या गाडीतून फेरी मारून येत. काचा खाली, चिमणी मागच्या तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेली आणि गाडीबरोबर स्वतःही गुरगुरणारी. त्या आवाजाला ती सिंह म्हणायची. फेरी संपली की उड्या मारत वर यायची, आणि आईच्या नाकाला तो वास यायचा.

आता गंमत अशी, की आईची नोकरीच धुराची. शहरातल्या तपासणी केंद्रात ती दिवसभर गाड्यांच्या शेपटीत नळी घालून मीटरवरचे आकडे बघायची. असला वास कुठल्या गाडीला येतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला तो पोलादी डबा, ज्या गाडीचा काढून टाकलेला असतो तिला. आणि सासऱ्यांच्या गाडीला तर असे दोन होते, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक.

पण हीच गाडी दर वर्षी तपासणीला येई आणि पहिल्याच फटक्यात पास होई. घरच्या माणसाची गाडी आपण तपासायची नाही असा केंद्राचा नियम, म्हणून ती शेजारच्या रांगेतल्या मिशाळकडे जायची. मिशाळ म्हणजे मिशांखाली कायम काहीतरी चघळणारा तिचा सहकारी. तो दर वर्षी आकड्यांचा कागद फडकवत म्हणे, "ताई, तुमच्या सासऱ्यांच्या गाडीचा धूर आमच्या घरातल्या हवेपेक्षा बरा आहे हो!"

घरी झोंबते आणि मीटरवर गुणी बाळ होते, अशी कशी ही गाडी? तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाबांच्या गाडीत नाक खुपसू नकोस."

"गाडीत नाही खुपसत, तुझ्या लेकीच्या डोक्यात खुपसते. तू पण एकदा हुंगून बघ."

त्यानं हुंगलं, शिंकला आणि कामावर निघून गेला.

खरं तर तिला फक्त उत्तर हवं होतं असं नाही. उत्तर वाईट निघालं तर फेरी बंद करावी लागणार होती. रोजचा असला धूर लेकीच्या नाकात जाऊ देणं तिला जमलं नसतं. आणि फेरी बंद करायची म्हणजे त्या दोघांच्या दिवसाचा गाभाच काढून घ्यायचा. सासरे जिना उतरताना शीळ घालत ते फक्त त्या अर्ध्या तासासाठी. लग्न झाल्यापासून ती त्यांना उलट शब्द बोलली नव्हती. हा पहिला शब्द कसा उच्चारायचा, तिला कळत नव्हतं.

यंदाच्या तपासणीच्या दिवशी सकाळी फेरी झाली, चिमणी वर आली आणि मुसमुसत आईच्या मांडीवर बसली.

"काय झालं गं?"

"आज सिंह झोपलाय."

आईनं तिच्या केसांत नाक घातलं. साबणाचा वास. त्याखाली तोच जुना, तान्हा, पुसटसा वास. बाकी काही नाही.

तिच्या मनात पाल चुकचुकली. वेणीचे तीनही पेड हातात धरून ती तशीच बसून राहिली, शेवटी चिमणीच म्हणाली, "आई, ओढू नको ना."

अकराला लाल गाडी केंद्रात आली. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू गाडीची नाही, त्यांचीच तपासणी होती. मिशाळनं नळी घातली, इंजिन तापू दिलं, आकडे आले. उत्तम.

"झालं की, काका! चहा घ्या तोवर, कागद तयार करतो."

सासरे समोरच्या टपरीवर चहाला गेले. ती मिशाळला म्हणाली, "पाच मिनिटं थांब. मला खालून बघू दे."

"बघा की. पण सासऱ्यांच्या गाडीखाली सून शिरली हे गावभर झालं तर मला बोल लावू नका."

तपासणीच्या खड्ड्यात उतरून तिनं दिवा वर केला. गाडीचं पोट पंधरा वर्षांचं होतं आणि तसंच दिसत होतं: गंज, चिखल, तेलाचे ओघळ. पण दोन्ही कन्व्हर्टर जागेवर होते, आणि त्यांना धरणारे बोल्ट मात्र नव्या भांड्यांसारखे चकाकत होते. पुसलेले, वंगण लावलेले. एवढी टापटीप कुठल्याही मेकॅनिकची नव्हे. ही टापटीप तिनं फक्त एका माणसाच्या हातात पाहिली होती.

सासरे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. नवी सून म्हणून ती आली, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला एका जुन्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून दाखवलं होतं. भिंगातून बघितलं तर आत मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तारखा कोरलेल्या. "घड्याळ उघडलं की आत खूण करायची," ते म्हणाले होते. "पुढच्याला कळायला नको, आपल्या आधी कोण येऊन गेलं? न लिहिता बंद करणारा कारागीर नव्हेच."

तिनं दिवा जवळ नेला. डाव्या कन्व्हर्टरच्या कडेवर अंगठ्यानं माती पुसली आणि तिला हसूच आलं. तारखा होत्या. सुबक, एकाखाली एक. सगळ्यात वर एकटा 'का', गाडी घेतली तेव्हाचा. मग एका तारखेपुढे 'ब', तिच्याखालच्या तारखेपुढे 'का', पुन्हा 'ब', पुन्हा 'का'. बसवले, काढले. बसवले, काढले. प्रत्येक 'ब' तपासणीच्या आदल्या दिवसाचा, त्याखालचा प्रत्येक 'का' तपासणीनंतरच्या दिवसाचा. अशा चार वर्षांच्या जोड्या. सगळ्यात खाली एकटाच 'ब' होता, कालच्या तारखेचा. काल सासरे "दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो" म्हणाले होते.

अख्ख्या जगापासून लपवलेली चोरी म्हाताऱ्यानं स्वतःच्याच हातानं कोरून ठेवली होती. कारण न लिहिता बंद करायचं नाही.

"ताई, सापडलं का काही?" वरून मिशाळ.

 खरं बोललं तर गाडी रस्त्यावरून उतरणार, सासऱ्यांची मान खाली जाणार. मूग गिळून बसलं तर उद्या त्या एकट्या 'ब'खाली 'का' येणार, आणि परवा चिमणीच्या केसांत तोच वास. आज, या क्षणी मात्र गाडीत सगळं जागेवर होतं आणि आकडे खरे होते.

"आज जे आहे ते बरोबर आहे," ती म्हणाली. "आजची सही कर. पण पुढच्या वर्षीपासून वरून नुसती नळी घालू नकोस, खालीही उतरत जा."

मिशाळनं चघळणं थांबवलं. "म्हणजे?"

"म्हणजे उतरत जा."

मग तिनं खिशातली टोकदार सुई काढली, गाडीच्या पत्र्यावरचा नंबर खरवडून वाचायची. सगळ्यात खालच्या 'ब'च्या खाली, जिथे उद्याचा 'का' यायचा होता, नेमक्या त्या जागेवर तिनं एक चिमणी कोरली. चित्रकला तिची बेताचीच. अंग म्हणून एक गोल, दोन काड्या पायांच्या, आणि चोच कुठेतरी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सासरे बोल्ट सोडवायचे पाने गुंडाळलेलं फडकं काखेत मारून खाली उतरले. लोखंडी उतारांवर गाडी चढवल्याचा आवाज आला. ती खिडकीशी चिमणीला भरवत बसली, पण घास लेकीच्या तोंडाऐवजी गालावर जात होता. पान्याचा खणखणाट सुरू होईल, आत्ता सुरू होईल. झाला नाही. बराच वेळ खाली काहीच वाजलं नाही.

मग ते वर आले. हात कोरडे, स्वच्छ. चष्मा कपाळावर.

"सूनबाई, त्या पक्ष्याची चोच चुकलीय."

 "मला एवढंच जमतं, बाबा."

ते खुर्चीवर बसले. चिमणीच्या गालावरचा घास त्यांनी बोटानं पुसला. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्षं कानाशी धरून टिकटिक ऐकली. श्वास रोखून. वाटलं, आता एकदा मोठ्ठा आवाज ऐकावा. त्या डब्यांनी गाडीच्या तोंडावर उशी दाबल्यासारखं वाटतं गं."

"तिच्या केसांना वास येतो, बाबा. रोज."

"मला का नाही आला?"

"तुम्ही गाडी ऐकत होतात."

ते उठले. नातीला कडेवर घेतलं, तिच्या डोक्यावर नाक टेकवलं आणि तसेच उभे राहिले. चिमणी ओरडली, "आजोबा, मिशा टोचतात!"

थोड्या वेळानं दोघं फेरीला निघाली. जिन्यावरून चिमणीचा आवाज वर येत होता, "सिंह अजून झोपलाय?"

"झोपला नाही गं. तोंड मिटून गुरगुरतोय. कान दे, मग ऐकू येईल."

चिमणी परत आल्यावर आईनं वेणी घातली, आधी केस हुंगले, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ हुंगले. मग लेकीला आजोबांजवळ सोडून ती बॅटरी घेऊन खाली गेली. गाडी पुन्हा लोखंडी उतारांवर चढवलेली होती. साडी खोचून ती गाडीखाली आडवी झाली. 'ब'खाली तिची चिमणी तशीच होती, खाली 'का' नव्हता. फक्त चोच कुणीतरी नव्यानं कोरली होती, बारीक, नेमकी, उघडी. पक्षी आता गात होता.