खिडकीवर येऊन विचारावे

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात राजवर्धन सर नवे ग्रंथपाल म्हणून आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी चॅट आणलं. म्हणजे मुलांनी घरबसल्या मोबाईलवर प्रश्न टाकायचा आणि आम्ही इथून उत्तर टाईप करायचं. उत्तर देणार मी, कारण पुस्तकं मला माहीत. सव्वीस वर्षं देवघेवीच्या खिडकीत बसले आहे.

मीटिंगमध्ये प्राचार्य हसत म्हणाले, "लीलाताई, मेपर्यंत हे नीट चाललं तर खिडकीची गरजच उरणार नाही. तुम्हाला आपल्या गडहिंग्लजच्या शाखेत पाठवू. तिथं माणूस पाहिजेच आहे." चोपन्नाव्या वर्षी, दुखरा गुडघा घेऊन, रोज दोन तास एसटीनं जायचं आणि दोन तास यायचं. मीही हसले. आणि हसता हसताच ठरवलं, हे चॅट चालू द्यायचं नाही.

युक्ती साधी होती. कुणी काहीही विचारो, माझं उत्तर एकच: 'खिडकीवर येऊन विचारावे.' दोन आठवड्यांत मुलं कंटाळली. एक जण मात्र हटेना. नाव टाकायचं नाही, पण रोज दुपारी बाराच्या सुमारास तोच प्रश्न: 'नमस्कार. हातकणंगल्याच्या आठवडी बाजाराची जुनी माहिती हवी आहे. पुस्तकाचं नाव माहीत नाही. कृपया सुचवाल का?'

मला तिथंच वास आला. आमच्या पोरांनी कधी 'कृपया' लिहिलंय? पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी. लिहिणारा चांगला शिकलेला होता आणि मला पारखत होता. बाराला राजवर्धन सरांच्या केबिनचं दार बंद असतं, हे मी रोज बघत होते. माझी उत्तरं गोळा करून प्राचार्यांपुढं ठेवायची असणार, दुसरं काय.

ज्ञानू आमचा जुना शिपाई. त्याला म्हटलं, "सर आत काय करतात, जरा बघून ये."

तो आला. "टाईप करत्यात की."

"बारालाच बरं टाईप करतात."

"बाराला करत्यात, एकाला करत्यात. दिवसभर त्येच हाय. तुमास्नी काय पायजे ते सरळ इचारा की त्यास्नी."

माझी खात्रीच झाली. त्याचा 'दिवसभर' हा शब्द मी ऐकलाच नाही. संशय एकदा डोक्यात बसला की माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं, पण ही अक्कल नंतरची.

मंगळवारी प्रश्नाखाली आणखी दोन ओळी आल्या. 'शुक्रवारी प्रकल्प द्यायचा आहे. मला खिडकीवर बोलायला जमत नाही.' जमत नाही म्हणे. सर खिडकीवर आले तर ओळखू येतील ना, जमणार कसं. मी ठसक्यात टाईप केलं, 'जमवावे. खिडकीवर येऊन विचारावे.'

बुधवारी साडेअकराला खिडकीपुढं रांग होती. आमच्याकडं मुलांना कपाटांपर्यंत सोडत नाहीत. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखक, क्रमांक लिहून द्यायचा, मग ज्ञानू आतून आणून देतो. एका मुलीनं चिठ्ठी सरकवली. नावाच्या जागी नुसतं 'बाजार'. लेखक कोरा, क्रमांक कोरा.

"हे काय?" मी विचारलं.

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, शब्द काही बाहेर येईना. मागून कुणीतरी म्हणालं, "आवर की गं."

मी चिठ्ठी परत ढकलली. "बाजारात भाजी मिळते. पुस्तकाचं नाव घेऊन ये, जा."

रांग हसली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. ती चिठ्ठी उचलून निघून गेली. 'बाजार' हा शब्द डोळ्यांसमोर असूनही माझ्या डोक्यात सरच बसलेले होते.

बाराला चॅटवर ओळी उमटल्या. 'नमस्कार. मी आज येऊन गेले. बोलताना मी अडखळते, म्हणून इथं विचारत होते. तुमचा वेळ घेतला, माफ करा. पुस्तकाचं नाव कुणाला तरी विचारून उद्या पुन्हा येऊ का? वर्षाराणी, बी.ए. भाग दोन.'

मला स्वतःची लाज वाटली. त्या पोरीनं माफी मागावी, आणि तीही माझी.

तेवढ्यात राजवर्धन सर केबिनमधून बाहेर आले. चेहरा उतरलेला होता. "लीलाताई, महिना झाला, मुलं म्हणतात चॅटवर आता कुणी काही विचारतच नाही. माझंच चुकलं बहुतेक. आज बंद करायचं पत्र देतो प्राचार्यांना. की आलंय काही?"

नाही म्हटलं की खिडकी माझी राहणार होती. कुणी पुन्हा विचारलंही नसतं.

"आलंय," मी म्हणाले. "पत्र देऊ नका."

"पण मग तुमची गडहिंग्लजची बदली?"

"ते नंतर बघू."

खिडकीपुढं चार-पाच जण उभे होते. त्यांना थांबा म्हटलं आणि टाईप करायला घेतलं. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

'येऊ नकोस, बाळ. इथंच विचार. नाव मी शोधते.'