नावाखालची ओळ

आमच्या बिडकीनला फ्लेक्सशिवाय काही होत नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं पोरगं पोलिसात लागलं, की लगेच चौकात फ्लेक्स. वर फोटो, फोटोखाली नाव, नावाखाली पद. काहीच पद नसलं तर 'युवा नेते' तर असतंच! मी ह्या फ्लेक्सवर लई हसायचे. मग एका सकाळी शेजारच्या निशाचा फोन आला. "रूपा, स्टँडवर तुमच्या दोघांचा फ्लेक्स लागलाय. आधी बघून ये बाई," म्हणली आणि फोन ठेवला.

सम्यकला कडेवर घेतलं आणि गेले. शहरात औरंगपुऱ्यातल्या ज्या दवाखान्यात आम्हाला मूल झालं, त्यांच्या वर्धापनदिनाचा फ्लेक्स होता तो. 'आमची आनंदी कुटुंबं' असं वर लिहिलेलं आणि खाली सगळी जोडपी, आपापली लेकरं घेऊन. डाव्या कोपऱ्यात आम्ही. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी पेढे वाटताना त्यांनीच काढलेला फोटो. खाली आमची नावं, पुढं बिडकीन. आणि नावाखाली, जिथं पद असतं तिथं, लिहिलं होतं, 'दात्याचे शुक्राणू वापरून उपचार, यशस्वी'.

अगं माय! रसवंतीवाला माझ्याकडं बघत होता, मी बघितलं की त्यानं मान फिरवली.

ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय घरात कुणालाच माहीत नव्हती. दोष आमच्या ह्यांच्यात, राजकुमारमध्ये होता. डॉक्टरांनी सांगितलं तवा हे दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. म्हणले, "आबांना कळलं तर ते पोराला आपलं म्हणायचे नाहीत. मग मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू?" तवा मीच म्हणलं, दोष माझ्यात आहे असं सांगू. बाईच्या माथी मारलं की कुणी जास्त विचारत नाही. मग काय, सासूबाईंना रान मोकळं. मालनबाई म्हणजे जिभेला हाडच नाही. माझं तोंडही काही कमी नाही, पण ह्या एका गोष्टीवर मी गप गिळून बसले. सम्यक झाला तवा कुठं त्यांचं बोलणं थांबलं. आणि मामा, म्हणजे माझे सासरे, ह्यांचे आबा, त्यांचा तर नातवाशिवाय घास उतरत नाही. तेच मामा रोज सकाळी स्टँडवर पेपर वाचायला जातात. त्या दिवशीही गेले होते.

ह्यांना फोन लावला. उचलला नाही. ह्यांच्या कंपनीची बस स्टँडवरूनच जाते, म्हणजे ह्यांनी बघितलं असणार, बसमधल्या सगळ्यांनीच बघितलं असणार. मी तशीच पोराला घेऊन शहराच्या गाडीत बसले.

दवाखान्यात गेले ती सरळ सुलेखा मॅडमच्या केबिनमध्ये. त्या मोठ्या डॉक्टर. बाहेरची पोरगी "ताई, नंबर येऊ द्या" म्हणत मागं पळत आली. तिला म्हणलं, माझा नंबर तुम्ही चौकात लावलाय.

मॅडमना आधी काही कळेचना. मोबाइलवर फोटो दाखवला तवा त्यांचा चेहरा उतरला. चौकशी केली तर उलगडा झाला. काउंटरवरच्या पोरीनं फ्लेक्सवाल्याला नावांची यादी कॉम्प्युटरमधून जशीच्या तशी पाठवली होती. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात उपचार. फ्लेक्सवाल्याचा हात बसलेला. नावाखाली काहीतरी ओळ लागतेच, म्हणून त्यानं तिसरा रकाना तिथं टाकला. न वाचता! आणि दवाखान्यानंही न वाचता गावोगाव लावायला पाठवून दिले.

"तुम्ही म्हणला होता, तुमची फाईल कुलपात राहील," मी म्हणलं. "मॅडम, तुमचं कुलूप होतं तरी कुठं?"

मॅडमनं हात जोडले. एवढी मोठी बाई, पण हात जोडले. मी काही लगेच विरघळले नाही. म्हणलं, सगळ्या गावांतले फ्लेक्स आत्ताच्या आत्ता काढा. आणि त्यावरच्या एकेका घराला तुम्ही स्वतः फोन करा, त्या पोरीला लावू नका. आम्ही तक्रार करणार, ती करणारच. मॅडम सगळ्याला हो म्हणल्या. काउंटरवरची पोरगी दारात उभी राहून रडत होती. तिची दया आली, पण तिला रडू नको म्हणायला माझी जीभ वळली नाही.

खरं सांगते, एवढ्या रागातही आतून कुठंतरी हलकं वाटत होतं. इतकी वर्षं जे माझ्या माथी होतं, ते आज उतरलं होतं. आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचीच लाजही वाटत होती. कारण ते उतरून कुणाच्या डोक्यावर गेलं?

मॅडम म्हणल्या, "तुमच्यासाठी आम्ही दुसरा फ्लेक्स लावतो. ती ओळ छपाईची चूक होती, तुमच्यावर तसा उपचार झालाच नाही, असं लिहून देतो."

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. आवाज अगदी बसलेला. मी सगळं सांगितलं.

"लावू दे," हे म्हणले. "चूक होती म्हणून लावू दे. आबा वाचतील."

सम्यक टेबलावरचा पेपरवेट चाटत होता. त्याच्याकडं बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"अहो, आपलं पोरगं काय छपाईची चूक हाय का?" मी म्हणलं. "नाय लावायचं. तुम्ही घरी या. आबांना काय सांगायचं ते आपण तोंडानं सांगू."

मग "येतो" म्हणले.

घरी पोचले तर सासूबाई दारात. डोळे लाल. मी चप्पल काढायच्या आधीच त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला कधी पाणी दिलेलं आठवत नाही.

"तू कामून बोलली नाहीस गं माय?" त्या म्हणल्या. "मी इतकं बोलले तुला."

मला नुसतं रडू आलं.

मामा ओट्यावर बसले होते. बाजूला फ्लेक्स, घडी घालून ठेवलेला. स्टँडवर दोरी कापून स्वतःच उतरवून आणला होता. सम्यकला जवळ घेतलं नाही, लोटलंही नाही. माझा जीव टांगणीला लागला.

मग हे आले. अंगणातच थांबले.

"आबा, दवाखान्यानं चुकून..." म्हणले आणि अडकले. माझ्याकडं बघितलं. "नाय. चूक नाय आबा. खरं हाय ते. दोष माझ्यात हाय."

सम्यक बापाला बघून दुडूदुडू पळत गेला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. हे हलेनात. पोराकडं बघेनात. नजर नुसती आबांकडं.

"माझ्याकडं काय बघतोस?" मामा म्हणले. "उचल की तुझ्या लेकराला. हात दुखले त्याचे."

ह्यांनी सम्यकला उचललं.