चवीचा रकाना

ओल्या फडक्याने तिने तिसऱ्यांदा घासलं, तरी फळ्यावरचा ‘चव’ हा शब्द हलेना. बाकी सगळं खडूचं होतं. रकान्यांची नावं तेवढी आईने तैलरंगात रंगवून घेतली होती. पीठ, भट्टी, चव, पॅकिंग. शेवटी तिने कागदाची पट्टी कापली आणि त्या शब्दावर चिकटवून टाकली.

“झाकलंत होय,” मागून भट्टीकाका म्हणाले.

“एका आठवड्यापुरतं, काका.”

“झाका की. फळा तुमचाच आहे.” काका हात पुसत भट्टीकडे गेले. एरवी ते जाताना काहीतरी गुणगुणायचे. आज गुणगुणले नाहीत.

आईला जाऊन दोन महिने झाले होते. मागे राहिली होती ही एक शेड, एक भट्टी, सहा माणसं आणि कुत्र्यांच्या बिस्किटांचा आईने शून्यातून उभा केलेला धंदा. मुलीने त्याआधी नऊ वर्षं एका मोठ्या कारखान्यात हेच काम केलं होतं: कोण कुठल्या पाळीला, कुठलं यंत्र किती वाजता. त्यामुळे दुकानांच्या एका साखळीने पहिल्यांदाच सातशे किलोची मागणी केली, तेव्हा ती घाबरली नाही. शनिवारपर्यंत माल हवा होता आणि होकार आज बारापर्यंत. एवढं मोठं गिऱ्हाईक आईला कधी मिळालं नव्हतं.

हिशोब सरळ होता. घाणा वीस किलोचा, दिवसाला पाच घाणे, सहा दिवसांचे सहाशे किलो. शंभर कमी पडत होते. माणसं वाढवून उपयोग नव्हता, भट्टी एकच. तास वाढवावेत, तर आईच्या शेवटच्या महिन्यात सगळ्यांनी न सांगता रोज दोन-दोन तास जास्त काढले होते. आणखी मागायला तिची जीभ रेटेना. उरला तो चवीचा पाव तास. प्रत्येक घाणा बाहेर आला की सगळी शेड हातातलं काम टाकून टेबलाभोवती जमायची, एकेक तुकडा चावायची, आणि होकार आल्याशिवाय पुढचा घाणा भट्टीत जायचा नाही. पाच घाण्यांचा सव्वा तास. तेवढ्यात सहावा घाणा आरामात निघत होता.

वर्षभरात चवीत किती घाणे नापास झाले, हे एकदा सगळ्यांसमोर ठेवावं म्हणून तिने घाण्यांची वही काढली. जुन्या पानांवर चवीच्या रकान्यात आईची खूण होती, टोकाला जरा उडालेली. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मात्र ती खूण दिसेना. तिच्या जागी कुठे आडवी रेघ, कुठे फुली, कुठे गोल.

ती वही घेऊन पॅकिंगच्या टेबलाशी गेली.

“मावशी, ह्या खुणा कुणाच्या?”

मावशींनी चष्मा नाकावर ओढला. “ही माझी. फुली काकांची. गोल त्या पैलवानाचा, त्याला शाळेत भोपळ्याशिवाय काही मिळालंच नाही.”

“ऐकतोय मी,” पीठ मळणारा पैलवान पलीकडून ओरडला. तो काडीसारखा बारीक होता.

“आणि आईची?”

मावशींनी हातातल्या पिशवीचं तोंड नीट बंद केलं. मग म्हणाल्या, “बाईंना कुठे चव कळत होती? औषधं सुरू झाली आणि तोंडच गेलं त्यांचं. चहात साखर घातलीय का, तेसुद्धा मला विचारायच्या.”

“मला कधी बोलली नाही.”

“आम्हाला तरी कुठे बोलल्या? आधी त्या एकट्याच चव बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, आजपासून सगळ्यांनी यायचं, खायचं आणि काय वाटतं ते सांगायचं. महिनाभर आम्ही आपले, छान बाई, मस्त बाई! मग एकदा त्यांनी करपलेली बिस्किटं पुढे ठेवली. मुद्दाम करपवलेली. तरी आम्ही छानच!” मावशींना हसू आवरेना. “अशा तापल्या म्हणता! कुत्रं बोलत नाही म्हणून तुम्हाला ठेवलंय, म्हणाल्या, तुम्हीही बोलणार नसाल तर मी कुत्रीच का नाही पाळली?”

ती हसली. वही तशीच उघडी होती. आई गेली त्यानंतरचे दोन दिवस कोरे होते. तिसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, पुन्हा पाच घाणे, पाच खुणा. तिने पान उलटलं, परत मागे उलटलं. नऊ वर्षं तिने माणसांची वेळापत्रकं बसवली होती. इतकं नेटकं बसवलेलं एकही तिला आठवेना.

पावणेबाराला काकांनी तिसरा घाणा बाहेर काढला. नव्या बेताप्रमाणे त्यांनी कुणाला हाक मारली नाही. चौथ्याचे ट्रे त्यांनी उचललेच होते.

“काका, थांबा जरा.”

ती टेबलाशी येऊन उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी सगळे आले. तिने तुकडा तोंडात टाकला. कोरडा, अळणी, मागून थोडा भोपळा. तिला तरी काही वावगं लागलं नाही. मग तिने मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

“कडेचं ठीक आहे,” पैलवान म्हणाला. “मधलं ओलसर लागतंय. पीठ सैल झालं सकाळी. माझंच चुकलं.”

काकांनी मधल्या ट्रेमधलं बिस्किट मोडून नाकाशी धरलं. “पंधरा दिवसांत बुरशी धरेल.”

मावशींनी ‘नाही’ म्हणून मान हलवली. बाकीच्या तिघी तिच्याकडेच बघत होत्या.

“परत आत घाला,” ती म्हणाली. “आणि पुढचं पीठ आधी घट्ट करा.”

वहीत खूण करायला तिने पेन मावशींच्या हातात दिलं. काकांनी ट्रे आत सरकवले आणि येता येता फळ्यावरची पट्टी ओढून काढली. ‘च’वर थोडा कागद चिकटून राहिला. काका नखाने तो खरवडत गुणगुणू लागले.

दुकानांच्या साखळीचा फोन आला.

“हो, मीच बोलतेय,” ती म्हणाली. “शनिवारी सहाशे देऊ. उरलेले शंभर सोमवारी.”

सगळे सातशे शनिवारी का जमत नाहीत, ते पलीकडच्याने विचारलं.

“आमच्याकडे प्रत्येक घाण्याची चव बघतात. त्याला वेळ लागतो.”

“माणसं चव बघतात? कुत्र्यांच्या बिस्किटांची?”

“हो.”

मग तो म्हणाला, “चालेल सोमवारी. पण बघतं कोण?”

तिने वळून टेबलाकडे पाहिलं. पैलवान पिठात मनगटापर्यंत हात घालून उभा होता आणि मावशी त्याला काहीतरी सुनावत होत्या.

“सहा जण आहेत,” ती म्हणाली. “सातवी शिकतेय.”