रेडिओचं स्टँड

"एक पातळ नेसायला, एक वाळत घालायला, आन तिसरं यांच्या रेडिओला. माझं मेलं नशीबच फाटकं," म्हाळसाबाई चुलीपाशी पुटपुटली. पुटपुटली म्हणजे नवऱ्याला ऐकू जाईल इतपतच.

कारभारी ओट्यावर बसून तेलाच्या डब्याचा पत्रा कापत होता. बोटाला चिंधी, मांडीवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे. तो कंपनीची मॅटाडोर चालवायचा. सकाळी शहरातून अकरा माणसं गोळा करून वाळूजला सोडायची, संध्याकाळी परत आणायची. गाडीत रेडिओ नव्हता. चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर कारभारीचा स्वतःचा, आणि त्याच्यासाठी तो करत होता ते हे तिसरं स्टँड.

पहिलं स्टँड म्हणजे म्हाळसाबाईच्या पातळाचा काठ. आरशाला बांधलेला रेडिओ छावणीतल्या पहिल्याच खड्ड्यात खाली आला. दुसरं खोक्याच्या फळीचं. ते इंजिनाबरोबर असं थरथरायचं, की बातम्या देणाऱ्या बाईंना हिवताप भरलाय असं वाटावं.

"नऊ वर्सं कुठं होतं तुमचं स्टँड?" म्हाळसाबाईने विचारलं.

कारभारीने कात्री तेवढी जोरात दाबली.

नऊ वर्षं मोतीराम होता. कंपनीतला फिटर. नगर नाक्यावर चढायचा, ड्रायव्हरशेजारी बसायचा आणि रेडिओ मांडीवर घ्यायचा. नामांतराच्या मोर्चाला निळा बिल्ला लावून जायचा. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असायचा, मग मागून फकिरा ओरडायचा, "काय मोतीराम, आवाज विद्यापीठाच्या गेटावरच टांगून आला का?" सगळ्यात मोठ्याने मोतीरामच हसायचा.

मग गावाकडून नामांतरवाल्यांची घरं जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि गाडीतलं हसणं आटलं. एका सोमवारी नगर नाका जवळ आला, तसा फकिरा हळूच म्हणाला, "आज नका थांबू, कारभारी. त्याला बघून कुणी गाडी अडवली तर आपण समदेच जाऊ."

कुणी व्हय म्हटलं नाही. कुणी नाय म्हटलं नाही. मोतीराम हातात डबा घेऊन उभा होता. त्याने हात वर केला. कारभारीचा पाय ब्रेकवर गेला, आणि तिथून उठून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर आला.

दुपारी कँटीनमध्ये कारभारीच म्हणाला, "आज दिसला नाय रे तू."

"व्हय. गर्दी लई होती," मोतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवर येऊ लागला.

त्याला आता दोन महिने झाले होते. गाडीत रोज चर्चा चालायची ती स्टँडची. खाली फोम टाका, स्प्रिंग लावा. याच गाडीने येणाऱ्या, कँटीनमधल्या द्वारकाबाईने तर घरची तिवई आणून दिली होती. पुढच्या रिकाम्या सीटबद्दल मात्र कुणी बोलत नसे, आणि तिच्यावर कुणी बसतही नसे. मागे तिघांच्या जागेत चौघं कोंबून बसत.

तिसरं स्टँड पक्कं झालं. सकाळी चार स्क्रूंनी डॅशबोर्डवर आवळलेला रेडिओ छावणीतल्या खड्ड्यांना दबला नाही.

"जमलं की वो, कारभारी!" फकिरा म्हणाला.

नगर नाक्याच्या वळणावर बातम्या गेल्या. नुसती खरखर.

"डावीकडं वळवा त्याला!"

"अवो, उजवीकडं!"

पण वळवणार काय? चार स्क्रू. गाडी वळली की रेडिओचं तोंड वळतं आणि स्टेशन हरवतं. मोतीराम गाडीच्या प्रत्येक वळणाला मांडीवरचा रेडिओ उलट्या अंगाने फिरवायचा. नऊ वर्षं. तो असं काही करतो, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

कारभारीने गाडी कडेला घेतली आणि पत्र्याला हिसके द्यायला लागला. स्टँड निघेना. बोटाची चिंधी लाल झाली. "मरू दे च्यायला! वैताग आलाय निस्ता!"

डाव्या खिडकीशी सायकल थांबली.

"काय झालं?" मोतीरामने एक पाय टेकवला. आत वाकून पाहिलं. खिशातून पेचकस काढला, तीन स्क्रू काढले, चौथा सैल केला आणि रेडिओ जरासा फिरवला. बातम्यांतल्या बाईंचा आवाज स्वच्छ आला.

"लई आवळलं होतं तू. मधी एकच बोल्ट ठेव, म्हंजी फिरंल. बोल्टाखाली घालायला वायसर मी देतो उद्या." त्याने काढलेले स्क्रू मोजून आपल्या जुन्या सीटवर ठेवले आणि पायंडलवर पाय दिला.

"बसा की, भाऊ," मागून द्वारकाबाई म्हणाली. "सायकल टाकतील टपावर."

"नको, ताई. सायकल बरी. कुणाला हात दाखवावा लागत नाय."

गाडीत सगळे आपापल्या डब्यांकडे बघू लागले. फकिराने खिडकीची काच उगाच वरखाली केली. मोतीरामने हँडल सरळ केलं.

कारभारीने रेडिओ बंद केला.

"मोतीराम," तो म्हणाला, "त्या सोमवारी तू दिसला होता मला. हात वर केलेला दिसला. मीच थांबलो नाय."