साडेतीन किलोज्यूल

माणसाने विस्तवाला लगाम घातला आणि तिथून संस्कृती सुरू झाली, असं खडूशेठचं ठाम मत होतं. घरी मात्र त्यांच्या देखरेखीखालचं दूध आठवड्यातून चारदा उतू जायचं.

कारखान्यात गोष्ट वेगळी. कानावर खडू खोचून तीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या या माणसाने पोलादाला हिशेबाबाहेर चटका दिला नव्हता. आज वाफेच्या टाकीचा शेवटचा सांधा उरला होता. तो तळाशी होता, म्हणून खडूशेठ जमिनीवर मांडी घालून बसले होते. डोक्यावर फोरमन उभा. फोरमन म्हणजे त्यांचे जावई. घरी सासऱ्यांपुढे ते आवाज चढवत नसत. ती कसर इथे भरून काढत.

"बाबा, पाच थर कशाला? जाड रॉड घ्या, करंट दोनशेवीस करा, दोन थरांत उरका. तीनला ट्रक येतोय."

खडूशेठनी टाकीवरच खडूने मांडलं: सव्वीस व्होल्ट गुणिले दोनशेवीस, गुणिले साठ, भागिले हाताचा वेग, मिनिटाला शंभर मिलिमीटर.

"मिलिमीटरला जवळजवळ साडेतीन किलोज्यूल. ड्रॉइंगवर मर्यादा दोनची आहे, साहेब."

"वेगाने कशाला भागताय? करंट बघायचा. मशीन तीनशेपर्यंत जातं."

"मशीन जाईल हो. जाड रॉडला हात सावकाश चालवावा लागतो, मग सगळी उष्णता एका जागी ठाण मांडते. इस्त्री शर्टावर ठेवून गप्पा मारल्यावर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मुलीने सांगितलंय मला."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"वरून दिसणार आहे का कुणाला?" जावयांनी आवाज उतरवला.

"नाही. सांध्याशेजारचं पोलाद आतून ठिसूळ होईल. वाफ चढली की कळेल. जो शेजारी उभा असेल त्याला."

सांधा झाला की वेल्डरने शेजारी आपला नंबर ठोकायचा. त्याशिवाय टाकी फाटकाबाहेर जात नसे. खडूशेठचा नंबर सतरा.

"दोन थरांवर सतरा उमटणार नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याला बसवा."

जावयांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या वेल्डरांचे हातमोजे एकाच वेळी हरवले होते.

"ऐकणार नसाल तर सोमवारपासून मशीन काढून घेतो. ग्राइंडिंगला जा."

खडूशेठनी मुखवटा खाली ओढला आणि एकशेतीसवर पहिला थर भरला. मग तापमानाचा खडू सांध्याजवळ घासला. तो दीडशे अंशांवर वितळायचा. वितळला, म्हणजे पुढच्या थरासाठी सांधा अजून फार गरम होता. ते हात बांधून बसले.

"आता काय थांबलात?"

"काम चाललंय."

"बसलाय की तुम्ही."

"निवू देणं हेही कामच. त्याला रॉड लागत नाही, एवढंच."

असं पाच वेळा झालं. तीनला ट्रक आला, चारला त्याने हॉर्न वाजवला, पाचला ड्रायव्हर खाली उतरून झोपला. सहाला खडूशेठनी पंच लावून हातोडीने सतरा नंबर ठोकला. आवाज साऱ्या शेडमध्ये घुमला.

"सोमवारी ग्राइंडिंग," जावई म्हणाले.

"सोमवार कशाला? आत्ताच निघतो. पण माझ्या जागी बसून जो कुणी दोनची हद्द ओलांडेल, त्याच्या मशीनपाशी येऊन मी हिशेब मांडीन. ग्राइंडिंगलाही खडू मिळतो."

सगळे बघत राहिले. खडूशेठ मात्र जागचे हलले नाहीत.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "जरा हात द्या. दोन्ही पाय झोपलेत."